फॉग लॅम्पला झेनॉन: बल्ब घेणं हे शेवटचं काम

पाऊस लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते. फॉग लॅम्पला झेनॉन किट टाकलं, घराच्या गेटसमोर उजेड झकास पडला, पण माळशेजच्या किंवा आंबोलीच्या धुक्यात आधीपेक्षाही कमी दिसायला लागलं. वर समोरचे सगळे अप्पर मारून शिव्या देतात ते वेगळंच. अशा दहा गाड्या उघडल्या तर नऊंमध्ये एकच गोष्ट दिसते: किट आधी घेतलं, हॅलोजनसाठी बनवलेल्या लॅम्पमध्ये ते कसंबसं बसवलं, मूळ वायरिंगला जोडलं आणि प्रकाश नेमका कुठे पडतोय हे बघितलंच नाही. म्हणजे कामाचा क्रम उलटा. आधी हाउसिंग (म्हणजे लॅम्पचा आरशा-काचेसकट डबा), मग वायरिंग, त्यानंतर बल्ब आणि सगळ्यावर शेवटचा हात म्हणजे लॅम्पचा कोन, हा सरळ क्रम. हा लेख त्याच क्रमाने जातो.

टप्पा १: तुमच्या लॅम्पला हे झेपेल का ते ठरवा

फॉग लॅम्प दूरवर उजेड फेकण्यासाठी नसतो. बंपरच्या उंचीवरून रुंद, चपटा आणि वरच्या कडेला सुरीने कापल्यासारखा झोत रस्त्यावर टाकायचा, एवढंच त्याचं काम. त्या कडेच्या वर गेलेला प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. उजेड जितका जास्त वर जाईल, तितकी समोरची पांढरी भिंत जाड होते.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टर लॅम्पचा आरसा एका बारीक फिलामेंटची जागा धरून आखलेला असतो. झेनॉनमध्ये फिलामेंट नसून दोन टोकांमध्ये पेटलेली ठिणगी असते. तिचा आकार वेगळा, आणि स्वस्त किटमध्ये तिची जागाही बल्बागणिक बदलते. आरसा तोच राहतो, प्रकाशाची जागा हलते, आणि वरची कड विस्कटते. नुसत्या बल्बबदलाने दिसणं सुधारत नाही ते यामुळे.

म्हणून आधी गाडीसमोर बसा आणि लॅम्पच्या काचेवर कोरलेली अक्षरं वाचा. इंग्रजी बी किंवा एफ३ असेल तर तो पुढचा फॉग लॅम्प म्हणून मान्यता मिळालेला आहे. डी अक्षराने सुरू होणाऱ्या खुणा झेनॉनच्या हेडलॅम्पवर असतात, त्या इथे दिसणार नाहीत. मग काचेतून आत पाहा. चकचकीत वाटीसारखा आरसा दिसला तर रिफ्लेक्टर, पुढे फुगीर गोल भिंग दिसलं तर प्रोजेक्टर.

रिफ्लेक्टर असेल आणि तो बदलायची तयारी नसेल, तर झेनॉनचा विचार इथेच सोडा. हे मी गुळमुळीत सांगणार नाही. अशा गाडीला चांगल्या कंपनीचा योग्य वॅटचा हॅलोजन बल्ब, स्वच्छ काच आणि नीट लावलेला कोन पुरतो. टप्पा २ आणि टप्पा ८ तेवढे वाचा.

*इशारा, कायद्याचा:* मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ झोताबद्दल आहे: लॅम्पपासून ८ मीटर पुढे, लॅम्पच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो झोत दिपवता कामा नये. दुकानदार "सगळं लीगल आहे साहेब" म्हणाला म्हणून रस्त्यावर अडवणारा किंवा फिटनेस तपासणारा मान डोलावेलच असं नाही. ही जोखीम पत्करणारे तुम्ही, दुकानदार नव्हे. वॉरंटी चालू असेल तर मूळ वायर कापल्यावर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही तक्रारीत तेच बोट दाखवलं जाईल, हेही धरून चाला.

टप्पा २: स्क्रू काढण्याआधी भिंतीवर खूण करा

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात, आणि मग शेवटी कोन लावायला काही आधारच उरत नाही.

१. सपाट जागा आणि समोर फिकट रंगाची भिंत शोधा. सोसायटीचं तळमजल्याचं पार्किंग उत्तम, पण उतार पाणी सोडून तपासा.

२. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. डिकीतला कायमचा पसारा असू द्या, चालकाच्या सीटवर कुणाला तरी बसवा.

३. गाडी भिंतीला चिकटेल इतकी जवळ नेऊन दोन्ही फॉग लॅम्पच्या केंद्रांच्या खुणा मास्किंग टेपने भिंतीवर करा. मग गाडी सरळ ८ मीटर मागे घ्या.

४. मूळ हॅलोजन लावा आणि झोताची वरची कड भिंतीवर जिथे दिसते तिथे दुसऱ्या रंगाची टेप लावा. मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

आता बल्बचा प्रकार बघा. गाडीच्या पुस्तिकेत असतो, नाहीतर बल्बच्या बुडावर छापलेला असतो. एच८, एच११ आणि एच१६ हे तिघे दिसायला सारखेच, पण अनुक्रमे ३५, ५५ आणि १९ वॅटचे. त्यांच्या बुडाचे दात मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत. कानशीने दात घासून एच१६ च्या जागी एच११ बसवणारे कमी नाहीत, आणि वितळलेले होल्डरही तितकेच बघायला मिळतात.

टप्पा ३: खरेदी

आता आकड्यांचा हिशोब. एच१६ साधारण ५००, एच८ सुमारे ८०० आणि एच११ सुमारे १३५० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) देतो. ३५ वॅटचा खरा झेनॉन सुमारे ३२०० ल्युमेन देतो. तेव्हा ५५ वॅटच्या किटच्या फंदात पडू नका. एवढ्या छोट्या बंद डब्यात ती उष्णता कोंडते आणि प्रोजेक्टरची वाटी आतून काळवंडते.

प्रोजेक्टर घेताना तो फॉगचा आहे ना हे बघा. हेडलॅम्पच्या प्रोजेक्टरच्या झोताला एका बाजूला वर चढणारी पायरी असते. बाहेरून आलेल्या बऱ्याच मालात ती उजवीकडे चढते, कारण तो उजवीकडून गाड्या चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला असतो. आपल्याकडे तीच पायरी समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाते. फॉगच्या प्रोजेक्टरची कड डावीकडून उजवीकडे सपाट असते. दुकानातच बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून भिंतीवर बघायला मागा. दाखवायला तयार नसेल तर पुढचं दुकान.

बल्बसाठी डी२एस बुडाचा प्रोजेक्टर मिळाला तर तोच घ्या. त्यात ठिणगीची जागा बुडापासून नेमकी ठरलेली असते. नाव वाचताना शेवटचं अक्षर नीट बघा: एस प्रोजेक्टरसाठी, आर रिफ्लेक्टरसाठी. डी२आरच्या काचेवर प्रकाश अडवणारे पट्टे रंगवलेले असतात, तो प्रोजेक्टरमध्ये घातलात तर झोत अर्धामुर्धा मिळेल.

रंगाबद्दल चर्चा फार आणि फरक कमी. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा असो की पांढरा, ते दोन्हींना जवळजवळ सारखाच विखुरतात. "पिवळा धुकं फाडतो" या म्हणण्यात दम नाही. काहींच्या डोळ्यांना तो सौम्य वाटतो, एवढंच. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप; ४३०० केल्विनला सर्वांत जास्त प्रकाश मिळतो. ६००० च्या पुढे निळसर झाक येते, ८००० ला उजेड स्पष्ट घटतो आणि ओला डांबरी रस्ता तर दिसतच नाही. पिवळाच हवा असेल तर ३००० केल्विनचा घ्या.

बॅलास्ट, म्हणजे झेनॉन बल्ब पेटवणारा आणि त्याला वीज पुरवणारा डबा, दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच खेपेतले असावेत. रिले (लहान करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज होल्डर आणि कपलर (वायर जोडायचा प्लग) यांच्यासह तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा संच मिळतो, तोच घ्यावा.

*तपासा:* गाडी वळवताना एका बाजूचा फॉग लॅम्प आपोआप लागतो का? फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या काही गाड्यांत ही सोय असते. असेल तर झेनॉन नको. दर वळणावर पेट-विझ झाली की बल्ब आणि बॅलास्ट दोन्ही लवकर जातात.

टप्पा ४: उघडणं

हाताशी हवं ते: दहाचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिक क्लिपा काढायचा चिमटा, मल्टिमीटर, क्रिम्पिंग पक्कड (वायरीचे जोड दाबून बसवणारी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), केबल टाय, रबरी हातमोजे, स्पिरिट. जॅकवर काम करणार असाल तर खाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. मग ज्या बाजूचं काम आहे त्याच्या विरुद्ध बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे चाकामागे हात जायला जागा होते. चाकावरच्या प्लास्टिक लायनरचे पुढचे स्क्रू आणि क्लिपा काढून ते वाकवलं की लॅम्पची पाठ दिसते. कपलरचं लॉक दाबून ओढा, बल्ब पाव फेरा डावीकडे फिरवून काढा. काही गाड्यांत अख्खा बंपर उतरवावा लागतो. तसं असेल तर मदतीला एकजण घ्या, आणि बंपरमागे एअरबॅगच्या सेन्सरची वायर दिसली तर तिला हात लावू नका.

निघालेले मूळ लॅम्प, बल्ब, स्क्रू एका पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. विकू नका, फेकू नका.

टप्पा ५: हाउसिंग बसवणं

आधी कोरडं बसवून बघा, बल्ब आणि वायरशिवाय. प्रोजेक्टर आडवा-उभा किती हलतो, कोन बदलायचा स्क्रू बंपर बसल्यावरही हाताला येतो का, मागे बल्बच्या वायरीला जागा उरते का, हे आताच कळलं पाहिजे. लॅम्प गोल गिरकी घेऊन बसला तर कड तिरकी पडेल. भिंगाखालची पट्टी जमिनीला समांतर ठेवूनच बोल्ट आवळा.

बाजारातले ब्रॅकेट पातळ पत्र्याचे असतात. हाताने धरून हलवल्यावर लॅम्प लटपटत असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर झोत नाचेल. दुसरा आधार द्या.

टप्पा ६: वायरिंग

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मूळ फॉगची वायर आणि स्विच हॅलोजनचा करंट धरून बनवलेले असतात. ३५ वॅटचा बॅलास्ट चालू असताना तीन-साडेतीन ॲम्पिअर घेतो, ५५ वॅटच्या हॅलोजनपेक्षाही कमी. पण पेटताना काही सेकंद त्याच्या दुप्पट किंवा जास्त ओढतो. तेवढ्यात व्होल्टेज पडलं की एक बाजू पेटते, दुसरी लुकलुकून बंद. दहा जण मग बॅलास्ट बदलत बसतात. दोष वायरीचा असतो.

१. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत २० ॲम्पिअरचा फ्यूज. फ्यूज रिलेजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडी राहते, ती घासली की आग.

२. फ्यूजनंतर वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला. ८७ क्रमांकाची पिन दोन्ही बॅलास्टकडे. ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. ८६ ला मूळ फॉग कपलरमधली पॉझिटिव्ह वायर, म्हणजे गाडीतला स्विच आता फक्त रिलेला इशारा देईल.

३. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन ८७ए असते. चुकून तिला जोडलंत तर स्विच बंद असताना लॅम्प चालू राहतील आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडेल.

४. इशाऱ्याला एकाच बाजूचा मूळ कपलर वापरा. दुसऱ्या बाजूचा कपलर स्लीव्ह घालून तोंड खाली ठेवून बांधा, पाणी शिरू देऊ नका.

५. अर्थ बॉडीच्या बोल्टला द्या. खालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवून आवळा, वरून व्हॅसलीन लावा. कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे व्हॅसलीन विसरू नये.

सगळे जोड क्रिम्प करून स्लीव्ह घाला. वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसात हिरवा पडतो.

*तपासा:* बॅटरी जोडा, फॉगचा स्विच लावा आणि मूळ कपलरवर मल्टिमीटर धरा. बॅटरीइतकंच स्थिर व्होल्टेज यायला हवं. आकडा बराच कमी किंवा हलता आला तर गाडीचा कंट्रोलर तुकड्यातुकड्यांनी करंट सोडतोय; साधा रिले त्यावर कडकड वाजत राहील. त्यासाठी फिल्टर असलेला हार्नेस लागतो. पाहून झालं की निगेटिव्ह पुन्हा काढा.

टप्पा ७: बल्ब आणि बॅलास्ट

*इशारा:* पेटवताना बॅलास्ट २० हजार व्होल्टच्या वर झटका देतो. चालू असताना बल्बची पाठ, जाड वायर किंवा कपलरला हात लावायचा नाही. बल्ब हाउसिंगबाहेर हातात धरून "लागतो का बघू" करू नका: झटका, अतिनील प्रकाश आणि भाजणं, तिन्ही एकदम.

हातमोजे घालून बल्ब बुडालाच धरा. काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पुसा. रबरी रिंग नीट बसली का ते पाहा, लॅम्पमध्ये पाणी दिसण्याची बहुतेक कारणं त्या रिंगेपाशी असतात.

बॅलास्ट बंपरच्या तळाशी चिकटवू नका. पाण्यातून गाडी काढावी लागते हे आपल्याकडे दरवर्षीचं आहे. हेडलॅम्पच्या मागे किंवा बॉनेटखाली, रेडिएटर आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर, ब्रॅकेटने बोल्ट करून बसवा. नुसती दुहेरी चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते. वायर बॅलास्टमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोक द्या, म्हणजे पाणी ओघळून बॅलास्टकडे न जाता तिथेच ठिबकेल. उच्च दाबाची जाड वायर कापून लांब-आखूड करायची नाही, आणि इतर वायरींच्या जुडग्यात बांधायची नाही, नाहीतर रेडिओ खरखरेल.

आता लायनर न लावताच चाचणी घ्या. इंजिन चालू करून स्विच लावा. दोन्ही बल्ब पेटून काही सेकंदांत पूर्ण उजेडावर आले पाहिजेत. सुरुवातीला रंगात किंचित फरक दिसला तर काही तास वापरल्यावर बघा. एक बाजू लागलीच नाही तर दोन्हीकडचे बॅलास्ट अदलाबदल करा, पण आधी स्विच बंद करून काही मिनिटं थांबा. दोष बॅलास्टबरोबर सरकला तर बॅलास्ट खराब, जागेवरच राहिला तर बल्ब किंवा वायर. लॅम्प चालू असताना बॅटरीवरचं आणि बॅलास्टच्या इनपुटवरचं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अर्थ आणि क्रिम्प पुन्हा बघा.

टप्पा ८: कोन

गाडी पुन्हा त्याच भिंतीपासून ८ मीटरवर. एका लॅम्पवर कापड टाकू नका, जळेल; मध्ये पुठ्ठा उभा करून एकेक लॅम्प बघा.

वरची कड लॅम्पच्या केंद्राच्या खुणेपेक्षा १० ते १६ सेंटिमीटर खाली हवी. लॅम्प ५५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर अशी कड सुमारे ४४ ते २७ मीटरवर रस्त्याला टेकते. लोकांना हे कमी वाटतं आणि ते स्क्रू वर फिरवतात. फिरवू नका. ओल्या रस्त्यावर बऱ्या टायरच्या गाडीला ताशी ६० वरून थांबायला, एक सेकंद भान यायला धरला तर, सुमारे ४५ मीटर लागतात. ४० वरून सुमारे २४. फॉग लॅम्पच्या भरवशावर ४० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, झेनॉन असला तरी.

१० की १६ हे ठरवायला एक हिशोब उपयोगी पडतो. मागे तिघं बसले, डिकी भरली आणि गाडीची शेपूट ४ सेंटिमीटर दबली, तर दोन चाकांमधलं अंतर २४५ सेंटिमीटर असलेल्या हॅचबॅकचा झोत ८ मीटरवर साधारण १३ सेंटिमीटर वर उचलला जातो. कड १० वर लावली असेल तर ती लॅम्पच्या केंद्राच्याही वर जाईल. युरोपच्या नियमांत २००० ल्युमेनच्या वरच्या हेडलॅम्पला आपोआप समतोल साधणारी यंत्रणा सक्तीची आहे ती यासाठीच, आणि तुमच्या फॉग लॅम्पला ती नाही. कुटुंब घेऊन गावी जाणाऱ्याने १६ वर लावावं. आधी घेतलेला मूळ हॅलोजनचा फोटो शेजारी ठेवा. नवी कड त्याच्यापेक्षा वर असेल तर काहीतरी चुकलंय.

*तपासा:* नियम १०६ ची जागा आठवते ना? तिथे उभे राहा, डोळे दीड मीटरवर येतील इतके वाका आणि लॅम्पकडे बघा. भिंग चमकताना दिसेल, पण डोळे मिटावेसे वाटले तर कड अजून खाली घ्या.

टप्पा ९: बंद करणं आणि पुढची देखभाल

लायनर, क्लिपा आणि स्क्रू परत लावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून चाक कुठल्या वायरीला घासत नाही ना ते बघा. वॉशिंगला टाकताना दाबाच्या पाण्याचा पाइप लॅम्पच्या पाठीवर मारू नका असं सांगा.

लॅम्प नेहमी इंजिन सुरू झाल्यावरच लावा. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि बॅलास्टला पुन्हा पुन्हा पेटवावं लागतं. धुकं नसेल तेव्हा फॉग बंद ठेवा, एक्सप्रेसवेवर कोरड्या रात्री त्यांचं काही काम नाही.

महिन्याभराने ब्रॅकेटचे बोल्ट आणि कोन पुन्हा तपासा, नंतर दर पावसाळ्याआधी. झेनॉन जुना होताना रंग बदलत जातो, म्हणून एक गेला तरी जोडीने बदला. डी२एसमध्ये पारा असतो. फुटला तर दारं-खिडक्या उघडा, तुकडे हातमोज्यांनी उचला, आणि जुने बल्ब ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.